कार्डचोरी, ९५० डॉलरची रेघ आणि "बँक भरते की!"

अंजिरी (सनीव्हेल)

परवा इथे एका सभासदाने लिहिलं: "क्रेडिट कार्डाच्या चोरीत कुणाचं काही जात नाही, बँक भरते. अमेरिकेतल्या राज्यांनी त्यासाठी फेलनी (गंभीर गुन्ह्याचा आरोप) लावणं बंद करावं, दंड आणि समाजसेवा पुरे." दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा काढते.

माझी गोष्ट ऐका. किराणा दुकानात कार्टच्या पुढच्या सीटवर पर्स ठेवून मी कोथिंबीर निवडत होते. एका बाईने हातातला अवोकाडो दाखवून विचारलं, हा आज खाण्याइतका पिकलाय का? मी दाबून बघितला, "उद्या" म्हटलं, ती हसली आणि गेली. काउंटरवर पर्स उघडली तर पाकीट नाही. गाडीत बसून बँकेला फोन लागेपर्यंत पेट्रोल ५८ डॉलर, गिफ्ट कार्ड ४००, पुन्हा गिफ्ट कार्ड ४००. एकूण ८५८. पेट्रोल सोडून बाकी सगळं डेबिट कार्डावर, म्हणजे माझ्याच खात्यातून. तात्पुरते पैसे परत जमा व्हायला बँकेने दहा कामाचे दिवस घेतले. तोवर भाड्याचा चेक परतला आणि घरमालकाने विलंबशुल्क लावलं ते वेगळंच.

पोलिसांनी ऑनलाइन तक्रार भरायला सांगितली. नंतर फोनवर एक अधिकारी अगदी सौम्यपणे म्हणाला, रक्कम ९५० डॉलरच्या आत आहे, म्हणजे मिसडिमिनर, किरकोळ गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत तुरुंग आणि हजार डॉलरपर्यंत दंड, तेही चोर सापडला तर. ४०० ची दोन कार्डं उगाच घेतली नव्हती. त्या बाईला ती रेघ माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती.

२०१४ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या, ९५० डॉलरपर्यंतच्या चोऱ्या मिसडिमिनर करणाऱ्या प्रॉपोझिशन ४७ आधी कॅलिफोर्नियात दुसऱ्याच्या कार्डाची माहिती फसवणुकीच्या इराद्याने मिळवणं हीच ग्रँड थेफ्ट (मोठी चोरी) होती, रक्कम कितीही असो. २०१७ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने रोमानोव्स्की खटल्यात ठरवलं की त्यालाही ९५० ची रेघ लागू, आणि चोरलेल्या नंबरची किंमत ठरवताना तो काळ्या बाजारात कितीला जाईल हेही बघायचं. माझ्या खात्याची किंमत चोरबाजाराच्या भावाने ठरणार? न्यूयॉर्कमध्ये कार्ड उचललं की झालं, एक डॉलर खर्च न करताही ती फेलनी, चार वर्षांपर्यंत शिक्षा. मला हे पटतं. कार्ड म्हणजे घराची किल्ली. किल्ली चोरणाऱ्याला आपण "आतून किती नेलंस" असं आधी विचारत नाही.

ऑस्टिनकर

वाईट झालं, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत. तुम्हाला हवा तो कायदा आमच्याकडे आहेच. टेक्सासमध्ये दुसऱ्याचं कार्ड वापरलं की पाच डॉलरचा बर्गर असला तरी स्टेट जेल फेलनी: १८० दिवस ते दोन वर्षं, दहा हजारांपर्यंत दंड. बळी वृद्ध असेल तर त्याहून वरची पायरी. तरी माझं कार्ड दोनदा गेलं, आणि दोन्ही वेळा कुणी पकडलं गेलं नाही. चोर शिक्षेचं कलम वाचून येत नाही. आपण सापडणार नाही याची त्याला खात्री असते, म्हणून तो येतो.

आणि कडक कायदा कुणावर चालतो तेही बघा. विल्यम रमेल, टेक्सास. १९६४ मध्ये क्रेडिट कार्डावर ८० डॉलरची फसवणूक. १९६९ मध्ये २८ डॉलर ३६ सेंटचा खोटा चेक. १९७३ मध्ये एसी दुरुस्त करतो सांगून १२० डॉलर ७५ सेंट घेतले आणि काम केलं नाही. तिन्ही मिळून २३० डॉलरसुद्धा नाहीत. शिक्षा जन्मठेप! १९८० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी कायम ठेवली. पुढे काही महिन्यांत तो वेगळ्या कारणाने सुटला, पण कोर्टाने "चालेल" म्हटलं ते म्हटलंच.

पंपवाले नाना (जॉर्जिया)

"बँक भरते" हे कुणी लिहिलं त्याला माझ्या पंपावर एक महिना बसवा. बँक नाही भरत, मी भरतो. चोरीच्या कार्डावर कुणी पेट्रोल भरून गेला की सहा आठवड्यांनी चार्जबॅक येतो, म्हणजे बँक ते पैसे माझ्याकडून परत घेते. पेट्रोलही गेलं, पैसेही गेले, वर प्रत्येक चार्जबॅकची फी. बाहेरच्या पंपांना चिपवाले रीडर बसवण्याची मुदत पुढे ढकलत ढकलत एप्रिल २०२१ वर आली. त्यानंतर ज्याच्याकडे चिप नाही, नुकसान त्याचं. दोन पंप बदलायला मी कर्ज काढलं.

रोज पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन एकेक पंप फिरतो. झाकणावरच्या सीलवर नंबर असतो, तो वहीशी ताडून बघतो. रीडर धरून जोरात हलवतो. एकदा वरचं प्लास्टिकचं तोंडच हातात आलं. आतमध्ये गिऱ्हाइकांच्या कार्डाची माहिती चोरणारी नखाएवढी पट्टी आणि दोन बारीक तारा. ती लावून किती दिवस झाले होते देव जाणे. माझी गिऱ्हाइकं म्हणजे बांधकामावर जाणारी माणसं, डेबिट कार्डावर वीस-वीस डॉलरचं भरणारी. त्यांच्या रकमा कधीच ९५० ला पोचणार नाहीत. म्हणून तो गुन्हा लहान?

तळेगावकर

मूळ रोग तुमच्याकडे ओटीपी नाही हा आहे. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच ऑनलाइन कार्डव्यवहाराला दुसरा घटक सक्तीचा केला. अमेरिकेत अजून नंबर आणि मागचे तीन आकडे टाकले की खरेदी झाली. शिक्षेवर भांडण्यापेक्षा कुलूप लावा. आमच्याकडे आयटी कायद्याचं ६६ क आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, पण कुलूप आधी.

ऑस्टिनकर

+१. याच मुद्द्यावर होतो मी.

निळावंती (पुणे)

तळेगावकर, ओटीपीचं कौतुक नका सांगू. माझ्या वडिलांनी तो ओटीपी स्वतःच्या तोंडाने फोनवर वाचून दाखवला. एकसष्ट हजार. १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन केला, सायबर शाखेत तीन फेऱ्या झाल्या, पैसे आले नाहीत. कुलूप आहे हो, पण माणूस आतून दार उघडतो. बाबा आता अनोळखी नंबरचा फोनच घेत नाहीत, परवा दवाखान्याचाही नाही घेतला.

तळेगावकर

ते फसवणं झालं, कार्डचोरी नाही. तरी वडिलांबद्दल वाईट वाटलं.

शिवण (सॅन होजे)

अंजिरीताईंना एक सांगते. मी शनिवारी अन्नवाटप केंद्रावर जाते. ज्यांच्याकडे सरकारी धान्याचं ईबीटी कार्ड आहे त्यांना कुठलीच बँक भरून देत नाही. त्या कार्डांवर वर्षानुवर्षं नुसती काळी पट्टी होती, जिची नक्कल सहज होते. कॅलिफोर्नियाने चिप द्यायला सुरुवात केली ती २०२५ मध्ये. आणि चोरीला गेलेले धान्याचे पैसे केंद्राकडून भरून मिळण्याची सोय डिसेंबर २०२४ मध्ये संपली. दोन तारखेला कार्ड रिकामं झालेली बाई रांगेत माझ्यापुढे उभी होती, कडेवर मूल. किती गेले विचारलं. म्हणाली, २९२. कायद्याच्या लेखी किरकोळ. तिच्या घरात तो पूर्ण महिना होता.

ओटीवरचा (एडिसन)

धाग्याला थोडं सोडून लिहितोय, पण दुसरीकडे विचारता येत नाही.

बायकोच्या मावसबहिणीचा मुलगा एमएसला आला. अपार्टमेंट मिळेपर्यंत तीन आठवडे आमच्या बेसमेंटमध्ये होता. गादी, उशा, भांडी मागवायला मी त्याला माझं कार्ड दिलं. त्याने ते फोनमध्ये साठवून ठेवलं. परवा सहज स्टेटमेंट चाळलं तर तीन महिन्यांत २,१४० डॉलर. घरपोच जेवण, बूट, एका वीकएंडचं हॉटेल. बँक म्हणते, तुम्ही वापरायला परवानगी दिली होती का? दिली होती म्हटलं तर पैसे माझे गेले. नव्हती म्हटलं तर पोलिसात तक्रार द्या. न्यू जर्सीत दुसऱ्याचं कार्ड फसवून वापरणं हा तिसऱ्या दर्जाचा गुन्हा, तीन ते पाच वर्षं. पोरगा तेवीस वर्षांचा आहे. त्याच्या आईने त्याच्यासाठी घर गहाण ठेवलंय. काय करू?

पंपवाले नाना

तक्रार द्या. चोरी ती चोरी.

पारिजातक (फ्रिस्को)

नाना, विद्यार्थी व्हिसावरचा मुलगा आहे तो! फसवणुकीचा गुन्हा म्हणजे इमिग्रेशनच्या भाषेत नैतिक अधःपतनाचा गुन्हा, तो जन्मभर मागे लागतो. २०२५ च्या वसंतात किरकोळ पोलीस नोंदींवरून हजारो मुलांच्या सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदवही) नोंदी रद्द झाल्या होत्या. लोक कोर्टात गेले तेव्हा परत आल्या. माझ्या शेजारचा मुलगा ते तीन आठवडे पडदे लावून घरात बसला होता.

पंपवाले नाना

आणि माझ्या पंपावर पट्टी बसवणारा? त्यालाही आई असेल. त्याच्या वेळी कुणी असं लिहिलं नाही इथे.

पारिजातक

टोळीची आणि घरच्या मुलाची तुलना करताय तुम्ही.

पंपवाले नाना

मी नाही केली, कायद्याने केली. वरती सगळ्यांनी रकमेवर भांडण केलं. २,१४० म्हणजे अंजिरीताईंच्या अडीचपट. हाच मुलगा कृष्णवर्णीय असता, किंवा मेक्सिकोहून आलेला असता, तर या धाग्यावर कुणी "व्हिसाचं काय" विचारलं असतं? चोर परका असेल तर आपल्याला फेलनी पाहिजे आणि घरचा निघाला की समज देऊन सोडायचं. वीस वर्षं बघतोय हे आपल्या लोकांत.

ओटीवरचा

नाना, माझ्या घरात रात्री जेवणं होत नाहीयेत आणि तुम्ही मला जात शिकवताय? सल्ला मागितला होता. नको असेल तर नका देऊ.

पंपवाले नाना

रागाने लिहिलं गेलं. पण मुद्दा मागे घेणार नाही.

ऑस्टिनकर

आवाज खाली घ्या, दोघेही. ओटीवरचे, न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडलेल्यासाठी पीटीआय आहे. खटल्याआधीचा कार्यक्रम असतो, पैसे परत करायचे, देखरेखीखाली राहायचं, पुरं केलं की आरोप रद्द. अशा गुन्ह्यात सहसा कबुलीही द्यावी लागत नाही. पण अटकेची नोंद पडतेच, म्हणून इमिग्रेशनचा वकील पाहिल्याशिवाय पोलिसांकडे पाऊल टाकू नका. बँकेला खोटं मात्र सांगू नका. तुम्ही कार्ड हातात दिलंत, परवानगी कुठे संपली हे तुम्हालाच धड सांगता येत नाहीये. मग उद्या फॉर्मवर खोटी सही तुमची असेल.

निळावंती

आधी मुलाशी बोललात का? सगळे कलमं सांगताहेत, मुलाला कुणी विचारलंय असं दिसत नाही.

अंजिरी

नानांचा शेवटचा प्रतिसाद मला लागला आहे, कारण तो माझ्यावरही आहे. ओटीवरच्यांची गोष्ट वाचताना माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते "बिचारा मुलगा". त्या अवोकाडोवाल्या बाईबद्दल असं एकदाही आलं नव्हतं. हे कबूल करायला जड जातंय, पण खरं आहे.

म्हणून ऑस्टिनकरांचं एवढंच मानते की पहिल्याच वेळी, एका कार्डासाठी, सरसकट फेलनी नको. रमेलची गोष्ट माहीत नव्हती आणि वाचून अंगावर काटा आला. पण ९५० ची रेघ मला अजूनही चुकीची वाटते. मोजायचंच असेल तर माणसं मोजा, किती जणांची कार्डं घेतली. दहा जणांचे नव्वद-नव्वद डॉलर नेणारा आणि एकाचे नऊशे नेणारा सारखे कसे? २०२४ च्या प्रॉपोझिशन ३६ ने आधी दोनदा चोरीत दोषी ठरलेल्याला तिसऱ्या वेळी रक्कम न बघता फेलनी लावायची वाट उघडली. मला मत नव्हतं, ग्रीनकार्डाच्या रांगेत आहे. असतं तर बाजूने दिलं असतं.

ऑस्टिनकर

तिसऱ्या वेळी फेलनी. रमेलही तिसऱ्याच वेळी अडकला होता. माणसं मोजा हे मान्य. "तीनदा" हा आकडा मान्य नाही.

अंजिरी

त्याला जन्मठेप होती, इथे तीन वर्षांपर्यंत आहे. फरक आहे.

ऑस्टिनकर

आहे. पुरेसा नाही.

ओटीवरचा

काल रात्री मुलाला बोलावलं. निळावंतींचं ऐकून आधी काही न बोलता जेवायला वाढलं. तिसऱ्या पोळीला तो स्वतःच म्हणाला, काका, मला वाटलं तुम्ही बघत नसाल. मी स्टेटमेंटचे चार कागद पुढे ठेवले. त्याने पेन मागितलं आणि आपल्या खर्चांवर एकेक खूण करत गेला. दोन मला माहीतच नव्हते, ते त्याने दाखवले. एकूण २,३०५ झाले. कॅम्पसवर लायब्ररीत काम लागलंय, महिन्याला दोनशे देतो म्हणाला. बँकेला आज सकाळी कळवलं की तक्रार नाही, कार्ड बंद करून नवं द्या. त्याच्या आईला अजून सांगितलेलं नाही. बायको म्हणते सांगायचं, मी म्हणतो पहिले दोनशे येऊ देत.

पंपवाले नाना

आईला सांगा. आणि लिहून घ्या त्याच्याकडून, तारखेसह.