जर्मनीत सरकारी फुकट, मग प्रायव्हेटला १२ लाख कामून?

मांजराकाठ:
लहान भाऊ लातूरला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कन्सल्टंट म्हणायलाय बर्लिनला प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत मास्टर्सची ॲडमिशन पक्की, फी वर्षाला १२ लाख, लोन करा. अण्णा दोन एकर गहाण टाकायला निघालेत. सगळे तर म्हणतेत जर्मनीत शिक्षण फुकट, अन् अमेरिकेत प्रायव्हेटच भारी. मला काहीच झेपना.

थंडीतला पाहुणा:
आधी अण्णांना थांबवा. मी स्टुटगार्टला आहे. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही, सेमिस्टरचं किरकोळ शुल्क असतंय. आमच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या पोरांना सेमिस्टरला १५०० युरो, मी भरलेत, अन् म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं पण आता फी लावलीय. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याचे, ११,९०४ युरो ही फी नाही बरं का, आपलेच पैसे महिन्याला ९९२ करून हातात येतेत, पण व्हिसाच्या आधी उभे करावे लागतेत अन् खरी दमछाक तिथंच होती. सरकारीत इंजिनिअरिंगचे क्रेडिट एकेक विषय जुळवून बघतेत, तिथं नंबर नाही लागला की पोरगं प्रायव्हेटकडं वळतंय. सगळ्या प्रायव्हेट बोगस नाहीत, सरकारमान्यता आहे का तेवढं बघा. कन्सल्टंटला कमिशन कोण देतंय ते पण विचारा.

गोदाकाठची:
अमेरिकेचं गणित येगळं. हार्वर्ड, एमआयटी प्रायव्हेट आहेत पण धंदा म्हणून काढलेल्या नाहीत, पिढ्यान्‌पिढ्यांच्या देणग्यांवर उभ्या आहेत. अन् स्टेट युनिव्हर्सिटी नावाला सरकारी, बाहेरच्या राज्यातल्या पोराला फी कितीतरी जास्त. ब्राझीलला तर सरकारी फुकट, पण चुरस एवढी की महागड्या शाळेतली पोरंच आत जायची, म्हणून २०१२ ला कायदा करून केंद्राच्या विद्यापीठांत निम्म्या जागा सरकारी शाळेतल्या पोरांना ठेवल्या.

औरंगपुरा कट्टा:
आपल्याकडं कॅप राउंडला, म्हणजे सामायिक प्रवेश फेरीत, सरकारी आधी भरतंय, तसंच जर्मनीत समजा. बाकी बाबासाहेबांनी १९५० ला इथं औरंगाबादला मिलिंद काढलं ते पण संस्थेचंच कॉलेज की, सरकारी नव्हं. अन् १९८३ नंतर निघालेली विनाअनुदानित कॉलेजं पण संस्थांचीच. दोन्हीला प्रायव्हेटच म्हणायचं का मग?

मांजराकाठ:
अण्णा थांबले. कमिशनचं विचारल्यापासून कन्सल्टंट फोन उचलना. एपीएसचे, म्हणजे जर्मनीच्या व्हिसाआधी इथली मार्कशीट तपासून मिळणाऱ्या सर्टिफिकेटचे, १८,००० रुपये भरायचे ठरलेत, सोमवारी भाऊ ट्रान्सक्रिप्टसाठी लोणेऱ्याला, त्याच्या युनिव्हर्सिटीत, चाललाय.