मदत हवी आहे: जनरेटरवाल्या मस्टँगचं वायरिंग
मंडळी, मी मिशिगनमध्ये असतो. हौसेनं जुनी फोर्ड मस्टँग घेतलीय. कागदोपत्री १९६५ची, पण बनलेली १९६४च्या मे महिन्यात. म्हणजे बॅटरी चार्ज करायला नंतरच्या गाड्यांसारखा अल्टरनेटर नाही, जुन्या पद्धतीचा जनरेटर! गाडीच्या चेसिस नंबरात पाचवं अक्षर एफ, म्हणजे २६० घनइंची व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन.

फोर्डचं १९६५चं शॉप मॅन्युअल, म्हणजे दुरुस्तीचं पुस्तक, माझ्याकडे आहे. त्यात मस्टँगबरोबर कॉमेट, फाल्कन, फेअरलेन या गाड्याही सगळ्या एकत्र, त्यामुळे आपलं पान शोधता शोधता नाकी नऊ येतात. माझ्याकडच्या वायरिंगच्या आकृत्या मात्र अल्टरनेटरवाल्या. जनरेटर आणि रेग्युलेटरची (त्याचा व्होल्टेज आटोक्यात ठेवणाऱ्या भागाची) जोडणी नीट दाखवणारं पुस्तक कुणाला माहीत आहे का? असेंब्ली मॅन्युअलची (गाडीचे भाग कसे जोडायचे ते दाखवणाऱ्या पुस्तकाची) पुनर्मुद्रित प्रत त्यासाठी उपयोगी पडेल का? घेण्याआधी विचारतोय, कारण घरात गाडीपेक्षा पुस्तकंच जास्त झालीत, असं बायकोचं म्हणणं आहे.