शकुंतला, टेसन आणि आपलं गाव: तुमच्या आठवणी लिहा

मोतीबागवाला
दिवाळीआधी जुनी पेटी रिकामी करताना आजोबांच्या वेळची रेल्वेची बिल्टी (माल पाठवल्याची पावती) सापडली. कापसाच्या गाठी, दारव्हा मोतीबाग ते मुंबई. कागद घडीवर फाटलाय, जांभळा शिक्का मात्र अजून वाचता येतो. तेव्हापासून डोक्यात टेसनच घोळतंय, म्हणून धागा काढला.

आजोबा अडत्याकडे दिवाणजी होते. घरी कमी, माल-धक्क्यावर जास्त. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अडीच फुटी (दोन रुळांत अडीच फूट अंतर) लाईन, म्हणजेच आपली शकुंतला, १९०३ ची, अचलपूरची बाजू त्यानंतर दहाएक वर्षांनी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं ती टाकली ती कापसासाठी, आपल्यासाठी नाही. जिनात सरकी निघाली, प्रेसमध्ये गाठ बांधली, की छोट्या गाडीनं मूर्तिजापूर. तिथं हमालांनी गाठी मोठ्या लाईनीच्या वाघिणीत चढवायच्या, पुढे मुंबई, बोट, मँचेस्टर. माणसांची सोय हा त्यातला वरकड माल.

आम्हा पोरांना गाठींशी घेणंदेणं नव्हतं. गाडीची शिट्टी आली की आई कुकर चढवायची, एवढं मला माहीत. गाडी उशिरा, म्हणून जेवणही उशिरा. बाबा चिडायचे ते आईवर, गाडीवर नाही!

लिहा तुम्हीपण. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, कुठलंही टेसन चालेल.

कारंजेकर_भाऊ
चालत्या गाडीतून उतरलो, वावरातला हरभरा उपटला न् पयत पयत मागचा डबा धरला. मले हे आजबी सपनात येते बाप्पा.

अंजनगावची_लेक
@कारंजेकर_भाऊ हा किस्सा विदर्भातला प्रत्येक माणूस स्वतःचा म्हणून सांगतो 😄 माझ्या तिन्ही मामांनी सांगितलाय. एवढा हरभरा उपटला असता तर शेतकऱ्याकडे काय उरलं असतं?

कारंजेकर_भाऊ
ताई मामा खोटं बोलत असतीन. मी नाई.

लोकोशेड_मूर्तिजापूर
वडील फायरमन. आमच्या गाडीचं इंजिन १९२१ चं, मँचेस्टरचं. म्हणजे कापूस तिकडे गेला आणि इंजिन तिकडून आलं.

लोकांना धूर आठवतो, मला आईचं धुणं आठवतं. वडिलांचे कपडे वेगळ्या बादलीत, दोन पाण्यातून काढले तरी तिसरं पाणी काळंच. शेडच्या राखेतून अर्धवट जळालेले कोळसे निवडून आणायचे, ते आमच्या शेगडीला. निवडायचं कसं, तर हातात घेऊन बघायचा: हलका लागला तर जळून गेलेला, टाकून दे. जड लागला तर टोपलीत. बहीण यात उस्ताद, न बघता सांगायची. हिवाळ्यात बोटं भेगाळायची, मग आई खोबरेल लावून फडकं बांधायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली हातात.

१५ एप्रिल १९९४ ला वाफेचं इंजिन थांबलं, डिझेल आलं. सगळे फोटो काढत होते. वडील म्हणाले, "बरं झालं, पाठ सुटली." ते अजिबात हळवे झाले नाहीत, हे इथं मुद्दाम लिहितोय. वाफेच्या इंजिनावर गहिवरणाऱ्यांनी एक पाळी तरी फावडं मारून बघावं.

फाटकाचंही सांगतो. माणूस नसलेल्या फाटकावर गाडी थांबायची, स्टाफमधला एक उतरून फाटक लावायचा, गाडी पार झाली की उघडून परत चढायचा. नंतर नंतर तर तिकीट देणारा, झेंडी दाखवणारा, डबा जोडणारा, सगळं तीच चार डोकी.

अंजनगावची_लेक
दादा, कोळशाचं वाचून काटा आला. आमच्याकडेही शेगडीच होती.

माझं ऐका. आत्याची वरात शकुंतलेनं, अंजनगावहून कारंज्याला. मूर्तिजापूरला गाडी बदलायची. अर्धी वऱ्हाडी मंडळी चहाला उतरली ती उतरलीच, दुसरी गाडी नवरदेवाला घेऊन गेली, आणि बाशिंग मागे राहिलेल्या काकांच्या पिशवीत! कारंज्यात कुठून तरी उसनं आणलं. ते थोडं मोठं होतं, सगळ्या फोटोत फुफाजींचे डोळेच दिसत नाहीत. कुकर शिट्ट्या मारतोय, आलेच.

पांढरं_सोनं
खरं दुःख वेगळंच आहे. स्वातंत्र्यानंतरही आपण या लाईनीचं भाडं इंग्रजांना देत होतो. कोणाला लाज वाटली नाही.

वाचनमात्र_अकोला
@पांढरं_सोनं अर्धंच बरोबर. लाईन खासगी कंपनीचीच राहिली, गाडी मध्य रेल्वे चालवायची आणि करारानं कंपनीला मोबदला ठरलेला, इथवर ठीक. पण किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय हातात आली. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र राणीच्या तिजोरीपर्यंत पैसे पोचवतात. माझ्या मते खरी गोम अशी की लाईन आपली नाही म्हटल्यावर रूळ-स्लीपर बदलायचे कोणी? वेग कमी कमी होत गेला, लोक यस्टीकडे वळले. आधी यवतमाळची बाजू थांबली, मग अचलपूरची.

पांढरं_सोनं
बरं बाबा, भारतीय तर भारतीय. पैसे तर गेलेच ना.

आर्वीकर
आमच्या पुलगाव–आर्वीला कोणीच विचारत नाही का? ३५ किलोमीटर, १९१७ ची, तीच अडीच फुटी. संत्र्याच्या हंगामात डब्यात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे टोपल्या. आणि वास असा की उलटी लागणाऱ्या पोरांचीही उलटी थांबायची. संत्र्याचे भाव काय चाललेत सध्या? बहिणीच्या बागेत यंदा फळगळ भारी आहे.

खामगावी
वयातच बघायचं तर आम्ही थोरले. अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस अडला, वऱ्हाडाला भाव आला, १८६७ ला गाडी नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये जलंब–खामगाव फाटा. फाट्याची लांबी जेमतेम १३ किलोमीटर, पण ऐट बघावी आमची. 😎

आकोटवाला
@खामगावी ऐट ऐकली. धूळघाटचा वेढा पाहिलाय का कधी? मीटर गेजची अकोला–खंडवा गाडी मेळघाटात स्वतःच्याच रुळावरून फिरून वर चढायची. खिडकीतून खालचा रूळ दिसायचा, आजी डोळे मिटून हनुमान चालिसा. आता २०२२ पासून अकोला–आकोट मोठी लाईन सुरू, पुढचं जंगलाच्या भांडणात बरीच वर्षं अडकलं होतं.

कळंबची_चिंतामणी
नवी लाईन झाली की आमच्याकडे! २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा–कळंब सुरू झाली, पुढे यवतमाळ, नांदेड जाणार. सासूबाईंना घेऊन बसले. त्या म्हणाल्या, "लवकर आलं की गं, गप्पाच संपल्या नाहीत."

मोतीबागवाला
वा, वाचून मजा आली. @लोकोशेड दादा, बाबांना नमस्कार सांगा. @कारंजेकर_भाऊ, हरभरा कोणत्या टेसनाजवळचा ते तरी सांगा.

कारंजेकर_भाऊ
ते नाई सांगत. वावरवाला अजून जिता हाये.

आर्वीकर
😂😂 भाऊ, संत्र्याचं कोणी सांगितलंच नाही.

कळंबची_चिंतामणी
@आर्वीकर झाडाखाली पाणी साचू देऊ नका म्हणावं, आमच्या दिरांकडे तसंच झालं होतं. भाव मोर्शीच्या मंडीत विचारा, इकडचे व्यापारी काहीही सांगतात.