आईच्या मावशीचं लेस्टरमधलं घर. मृत्युपत्रात आईचा उल्लेख 'माझी मुलगी'

सुरंगीचा_वळेसर

नमस्कार. आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीकाठी. माझ्या आजीची धाकटी बहीण नर्स म्हणून इंग्लंडला गेली आणि तिथेच राहिली. लग्न केलं नाही. गेल्या नोव्हेंबरात ती लेस्टरला वारली. मृत्युपत्रात सगळं माझ्या आईला दिलंय. घर अंदाजे ३,८०,००० पौंडांचं, बँकेत ८०,०००, कर्ज काही नाही. मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला तिथलाच एक वकील नेमलेला आहे.

अडचण एका वाक्याची आहे: 'माझ्या बहिणीने वाढवलेली माझी मुलगी', आणि पुढे आईचं माहेरचं नाव. आईच्या शाळेच्या दाखल्यावर, पासपोर्टवर, सगळीकडे आई म्हणून आजीचं नाव आहे. आजी ८७ वर्षांची आहे, डोकं अगदी शाबूत. मी विचारल्यावर ती 'खरं आहे ते' एवढंच म्हणाली. माझ्या आईला यातलं काहीही माहीत नाही. वकिलाचे ईमेल मलाच येतात.

१. घर मिळण्यासाठी आईला आपण त्यांची मुलगी असल्याचं सिद्ध करावं लागेल का?
२. आईला न सांगता हे काम पुरं होईल का?
३. इथे मामा आहे, सामाईक घर आणि आंब्याची बाग आहे. त्यावर याचा काही परिणाम होईल का?

साकव

पहिल्याचं उत्तर: घर मिळण्यासाठी नाही, कर वाचवण्यासाठी हो. या दोन गोष्टी अलग ठेवा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

मृत्युपत्रात नाव घेऊन दिलेलं आहे. 'माझी मुलगी' हे तिथे फक्त वर्णन आहे. वकिलाला एवढंच पाहायचंय की नाव लिहिलेली बाई ती हीच. त्यासाठी पासपोर्टची नोटरीने साक्षांकित केलेली प्रत आणि माहेरचं व सासरचं नाव जोडणारा कागद पुरतो. मृत्युपत्र नसतं तर नातं सिद्ध करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आता कर. इंग्लंडात वारसा कर मृताच्या मालमत्तेवर लागतो आणि तो वाटपाआधी भरावा लागतो. ३,२५,००० पौंडांपर्यंत शून्य, त्यावर ४० टक्के. तुमच्या आकड्यांनी ४,६०,००० वजा ३,२५,००० म्हणजे १,३५,००० वर ५४,००० पौंड. पण राहतं घर थेट वंशजाला, म्हणजे मुलाला किंवा नातवंडाला गेलं, तर आणखी १,७५,००० पौंडांपर्यंत सूट आहे. मग मर्यादा ५,००,००० होते आणि कर शून्य. भाचीला ही सूट नाही. म्हणजे तुमची आई भाची की मुलगी या एका प्रश्नावर ५४,००० पौंड अडकलेत.

आणखी एक बारीक मुद्दा, जो बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. एरवी दत्तक गेलेलं मूल कायद्याने जन्मदात्या आईचं राहत नाही. पण या सुटीपुरता तो नियम बाजूला ठेवलेला आहे. दत्तक दिलेलं मूलही जन्मदात्या आईचं वंशज धरलं जातं. त्यामुळे 'लहानपणी दत्तक दिलं होतं' हे खरं असेल तर ते लपवू नका, त्याने सूट जात नाही.

अर्ज वकीलच भरेल: मुख्य फॉर्म आयएचटी४००, त्यासोबत या सुटीसाठी आयएचटी४३५. पुरावे तुम्ही पुरवायचे. कराची मुदत मृत्यूनंतरच्या सहाव्या महिन्याची अखेर, म्हणजे तुमच्या बाबतीत ३१ मे. त्यानंतर व्याज सुरू. पुरावे तोवर जमले नाहीत तर घराच्या वाट्याचा कर दहा वार्षिक हप्त्यांत भरता येतो. पहिला हप्ता भरून ठेवायचा आणि सूट मंजूर झाली की परतावा मागायचा. घर विकलं की मात्र उरलेले हप्ते एकदम द्यावे लागतात.

दुसऱ्याचं उत्तर: नाही. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला तिथली अधिकृत मान्यता, मिळालं की ते मृत्युपत्र सार्वजनिक दस्तऐवज होतं. फी भरून कोणीही त्याची प्रत काढू शकतं. ते वाक्य कायमचं उघड होणार आहे.

दप्तरखाना

पुरावा इथल्या दप्तरांत कसा शोधायचा ते लिहितो. लोक मुलाच्या नावाने शोधतात आणि 'नोंद आढळत नाही' असा शेरा घेऊन परत येतात. त्या काळच्या जन्मनोंदीत बहुतेक वेळा बाळाचं नावच नसतं. बारसं बाराव्या दिवशी, नोंद त्याआधी. रकान्यात फक्त 'स्त्री', आईबापाचं नाव आणि गाव. शोधायची ती तारीख आणि जन्मदातीचं नाव.

शाळेच्या दाखल्यावरची तारीख धरून चालू नका. १ जून असेल तर ती गुरुजींनी घातलेली असण्याची शक्यता फार. आईची जन्मपत्रिका काढा. दोन प्रकार असतात. नुसतं टिपण असेल तर तिथी, घटका आणि जन्मस्थळ मिळेल. सविस्तर पत्रिका असेल तर 'अमुक यांचे भार्या अमुक यांचे उदरी कन्यारत्न' अशी ओळ असते. तिथे आजीचंच नाव निघालं तर नवल नाही. घरात सांगितलं तेच भटजींनी लिहिलं. तरीही तिथी आणि जन्मस्थळ सहसा खरंच असतं, कारण त्याशिवाय कुंडली मांडता येत नाही. पत्रिकेत साल शकात असतं; उदाहरणार्थ शके १८८८ म्हणजे चैत्रापासून धरलं तर १९६६-६७. जुन्या पंचांगावरून तिथीची इंग्रजी तारीख काढून घ्या.

जन्मस्थळ कळलं की कुठलं दप्तर पाहायचं ते कळतं. गावात जन्म असेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. नकलेसाठी साधा अर्ज; गाव, वर्ष, महिना लिहा आणि 'मागचा-पुढचा एक महिना पाहावा' हे आवर्जून लिहा. जन्म मुंबईत, मिरजेत, कोल्हापुरात झाला असेल तर तिथल्या महापालिकेकडे जा. अशा प्रसंगी बाळंतपण गावाबाहेरच करत, आणि दवाखान्याने दिलेल्या नोंदीत खरं नाव असण्याची शक्यता जास्त. आजी गावात असताना जन्म दुसऱ्या शहरात नोंदलेला असेल तर तेवढी विसंगतीही पुरावा म्हणून कामाला येते.

दुसरं, लेस्टरच्या घरातले कागद. वकिलाला आजच लिहा की घर रिकामं करणाऱ्यांनी एकही कागद, पत्र्याचा डबा, जुनी पर्स टाकू नये. निळी हवाई पत्रं, पैसे पाठवल्याच्या पावत्या, नोकरीच्या अर्जातला मुलांचा रकाना, प्रसूतीचा काही कागद. तुमच्या आजीने तिकडे पाठवलेली पत्रं सर्वांत मोलाची. 'तुझी पोर आता चालू लागली' अशी एक ओळ सापडली तर दहा प्रतिज्ञापत्रांचं काम करील.

नाव जोडणीसाठी: आईचं लग्न नोंदलेलं नसेल तर आता नोंदवता येतं. खेड्यात ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो. लग्नपत्रिका, दोघांचे दाखले, साक्षीदार आणि उशिराबद्दल प्रतिज्ञापत्र. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी आणि 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' हे प्रतिज्ञापत्र लावा. इंग्लंडात जाणाऱ्या भारतीय सार्वजनिक दस्तावर अपोस्टिल, म्हणजे तो परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, घ्या.

माजघर

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी आलं नाही, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे.

इंग्लंडात तुम्ही आजीचं प्रतिज्ञापत्र दिलंत की 'ही माझ्या पोटची नाही', तर तोच कागद उद्या राजापूरच्या कोर्टात कोणी मामाच्या बाजूने उभा करू शकतो: मग ही आजोबांची वारस कशी? नुसतं वाढवलं म्हणून कायद्याने मुलगी होत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे मूल प्रत्यक्ष देणं-घेणं झालेलं असावं लागतं. होम झाला नसला तरी चालतं. दत्तक मुलगी घेताना घरात आधीची मुलगी हयात नसावी, मूल पंधराच्या आतलं असावं, आणि त्या काळी नवऱ्याने बायकोच्या संमतीने दत्तक घ्यायचं होतं. कोणी दिलं, कोणी घेतलं, कुठे, कोणासमोर, हे आजीकडून शांतपणे विचारून घ्या. आजीला आठवतं तेच लिहा, सोयीसाठी एक अक्षरही वाढवू नका. नोंदलेलं दत्तकपत्र असेल तर ते खरं धरलं जातं, पण त्यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दोघांचीही सही लागते. देणारी आता हयात नाही, म्हणून आज नवं दत्तकपत्र करून तो फायदा मिळायचा नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सातबारा, ८अ आणि आजोबांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार काढा. त्यात आईचं नाव लागलेलं आहे का, की हक्कसोडपत्र घेऊन कमी केलंय? आपल्याकडे बहिणींच्या सह्या घेऊन ठेवायची रीत इतकी रुळलेली आहे की खुद्द आईलाही आठवत नसेल. नाव लागलेलं असेल तर ती नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते, ही मोठी जमेची बाजू.

मग आजीच्या स्वतःच्या वाट्याचं नोंदणीकृत मृत्युपत्र करून घ्या. त्यात आईचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता. 'मुलगी' या एका शब्दावर भिस्त नको. दोन साक्षीदार, आणि आजी समजून सही करतेय असा डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. बक्षीसपत्राचा मोह टाळा; मुलीला दिल्यावर मुद्रांक शुल्क २०० रुपयांत भागतं खरं, पण ती सवलत नात्यावरच उभी आहे, आणि नेमकं तेच नातं इथे वादात येऊ शकतं.

हे झाल्यावरच इंग्लंडचं प्रतिज्ञापत्र. मजकूर दोन्हीकडच्या वकिलांनी एकत्र वाचलेला हवा.

सुरंगीचा_वळेसर

मनापासून आभार. फेरफारात आईचं नाव आहे, आजच ऑनलाइन पाहिलं. डीएनए चाचणी करावी का? मावशीआजीचं दहन झालंय. आणि आईला हे कोणी सांगावं?

साकव

चाचणी आजी आणि आई या दोघींची करायची. आई-मुलीत निम्मा वाटा जुळतो, सख्ख्या मावशी-भाचीत साधारण २५ टक्के. आजी जन्मदाती नाही हे त्यातून पक्कं होतं, आणि मावशीइतकं नातं आहे हेही दिसतं. आजीला आणखी बहिणी असतील तर नुसत्या चाचणीने कोणती बहीण ते ठरत नाही. तिथे मृत्युपत्रातलं वाक्य आणि पत्रं जोडीला लागतात. एक चूक मात्र करू नका: मायटोकाँड्रियाची, 'आईकडच्या वंशाची' चाचणी घेऊ नका. ती खूण आईकडून मुलीकडे जशीच्या तशी उतरते, त्यामुळे आजी, मावशीआजी, आई आणि तुम्ही, चौघींची एकच येईल. पैसे वाया. ओळखपत्र तपासून, साक्षीने नमुना घेणारी प्रयोगशाळाच निवडा. घरी मागवलेल्या किटचा अहवाल कोणी धरत नाही.

घराचंही पाहा, हिवाळा आहे. आपण पावसाआधी पडवीला झडी, म्हणजे झावळ्यांचे आडोसे, लावतो तसं तिकडे थंडीआधी पाण्याचं पाहावं लागतं. नळीतलं पाणी गोठून नळी फुटते आणि बर्फ वितळल्यावर घरभर पाणी. वकिलाला सांगा: मुख्य कॉक बंद करून नळ्या रिकाम्या कराव्यात, नाहीतर हीटिंग मंद चालू ठेवावं. घराचा विमा घर रिकामं असल्याचं कळवून बदलून घ्यावा. बऱ्याच पॉलिसींत ३० किंवा ६० दिवस घर रिकामं राहिलं की पाण्याचं नुकसान वगळतात. कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, प्रोबेटपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने माफ असतो, पण अर्ज करावा लागतो.

चोपडी

इथल्या कराचं थोडक्यात. भारतात वारसा कर १९८५ पासून नाही. मृत्युपत्राने आलेली मालमत्ता कोणाकडूनही आली तरी उत्पन्न धरत नाहीत, त्यामुळे इथे नात्याचा प्रश्नच येत नाही. परदेशात राहणाऱ्याकडून वारशाने आलेलं घर आईला फेमाखाली, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली, ठेवताही येतं. पण नावावर आल्यापासून विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायलाच हवा. साधा आयटीआर-१ चालत नाही. चुकलं तर १० लाख रुपये दंड होऊ शकतो, घर रिकामं असलं तरी.

विकताना एक फरक लक्षात ठेवा. इंग्लंड नफा मोजतं मृत्यूच्या दिवशीच्या किमतीपासून. भारत मोजतो मावशीआजींनी घेतलं त्या किमतीपासून, आणि खरेदी २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. म्हणून तिथल्या मूल्यांककाकडून दोन्ही तारखांचे दाखले आत्ताच घ्या. दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के आहे, जुन्या खरेदीला दुसरा पर्यायही मिळू शकतो, तो सीएला विचारा. इंग्लंडात भरलेला वारसा कर इथल्या आयकरातून वजा होत नाही. आणि तुमच्या आईने स्वतः विकलं तर तिकडे ६० दिवसांत विवरण द्यावं लागतं, नफा नसला तरी.

माजघर

आईला आजीनेच सांगावं, तुम्ही फक्त शेजारी बसा. आणि चाचणीचा नमुना, मृत्युपत्राची प्रत, कुठलीही सही यांच्या आधी सांगा. ५९ वर्षांच्या बाईला हे वकिलाच्या पत्रातून किंवा प्रयोगशाळेच्या अहवालातून कळणं क्रूर आहे. मामा घरात नसेल अशी दुपार निवडा. पहिल्या दिवशी पौंड, कर, बाग यातलं काही काढू नका. नाहीतर आपल्याला हे पैशासाठीच सांगितलं, असं तिच्या मनात कायमचं बसेल. त्या दिवशी जन्म कुठे झाला, दूध कोणी पाजलं, नाव कोणी ठेवलं, एवढंच बोलणं होऊ द्या. आजीने परवानगी दिली तर फोनवर आवाज टिपून ठेवा. मे महिना लांब आहे. आईने 'मला हे कागदावर नको' म्हटलं तर ५४,००० पौंड भरून मोकळं होणं हाही एक रस्ता आहे, आणि तो निवडायचा हक्क फक्त तिचा.

दप्तरखाना

पत्रिकेबद्दल एक राहिलं. ती लॅमिनेट करू नका, घडीवर चिकटपट्टी लावू नका. फोटो पूर्ण पानाचा घ्या, कोपऱ्यातली हळदकुंकवाची बोटं आणि मागची कोरी बाजू धरून. भाषांतर करणाऱ्याला सांगा की 'उदरी' हा शब्द 'पोटी जन्मलेली' असाच उतरवावा, नुसतं 'मुलगी' लिहू नये.