भीमगड अभयारण्यातील गाव सोडण्याआधी वनहक्काचा दावा करावा का?

प्रश्न (खानापूर तालुका)

आमचे गाव भीमगड अभयारण्याच्या आत आहे. पावसाळ्यात नाले भरले की वाट बंद होते आणि आजारी माणसाला खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे लागते. याच अभयारण्यातील तळेवाडी गावाप्रमाणे सरकारकडून कुटुंबामागे 15 लाख रुपये घेऊन बाहेर पडावे, असे तरुणांचे म्हणणे आहे, तर वडीलधाऱ्यांना देवराई आणि भाताची खाचरे सोडवत नाहीत. उताऱ्यावर जमीन थोडी आहे. बाकीची पिढ्यान्‌पिढ्या कसत असलो तरी कागदोपत्री जंगल आहे. अभयारण्य झाले म्हणून जावेच लागेल का आणि आता दावा करून उपयोग आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (बेळगाव, वकील)

केवळ अभयारण्य जाहीर झाले म्हणून गाव उठत नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या 24 व्या कलमानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांशी विचारविनिमय करून अभयारण्यातील लोकांचे हक्क चालू ठेवता येतात. त्याशिवाय 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 4(5) असे सांगते की दाव्यांची पडताळणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत वननिवासींना ताब्यातील जमिनीवरून हटवता येत नाही. म्हणून जायचे ठरले तरी दावा आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. ज्याचा राहण्याचा हक्क कोठेच नोंदलेला नाही, त्याच्या स्थलांतराला ऐच्छिक म्हणणे मला पटत नाही.

आपल्याकडील मराठा, कुणबी आणि गवळी धनगर कुटुंबे कर्नाटकात अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, त्यामुळे 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, वनवास्तव्याचा पुरावा मागितला जातो आणि अनेक दावे तेथेच अडकतात. मात्र ही अट जंगलात राहण्याची व त्यावर उपजीविका असण्याची आहे. नेमके तेच खाचर 75 वर्षे कसल्याचे दाखवावे लागत नाही, त्या जमिनीचा ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असला की पुरतो. दगडी बांध, जुनी विहीर, घराचे जोते, स्मशानभूमी, देवस्थान हे सारे नियमांनुसार पुरावे ठरतात; दावेदार नसलेल्या वृद्धांचा लेखी जबाबही चालतो. 1956 पर्यंत आपला भाग मुंबई राज्यात होता, तेव्हा घरात मोडीतील कागद असतील तर ते वाचून घ्यावेत.

उत्तर (जांबोटी)

वकीलसाहेबांचे म्हणणे योग्य आहे, पण जंगलाचीही बाजू मांडतो. सुमारे 190 चौरस किलोमीटरचे हे अरण्य म्हादई नदीचे पाणलोट क्षेत्र आहे, काळी व्याघ्र प्रकल्प आणि गोव्याच्या म्हादई अभयारण्याला जोडणारा वाघांचा मार्ग आहे, आणि बारापेडे गुहेतले रॉटनचे वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी आढळते. गवे एका रात्रीत पोटरीला आलेले भात तुडवून टाकतात, हे मी स्वतः पाहिले आहे. तरुण कंटाळले तर त्यांना दोष देणार नाही. फक्त रिकामी झालेली जमीन जंगलच राहील, तेथे रिसॉर्ट उभे राहणार नाही, एवढी लेखी हमी सरकारने द्यावी.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मग दावा मंजूर झाल्यावर रस्ता तरी मिळेल का?

उत्तर (बेळगाव, वकील)

वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीवरून रस्ता, शाळा, अंगणवाडी यांसाठी प्रत्येकी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते आणि हेक्टरी 75 पेक्षा अधिक झाडे तोडता येत नाहीत. परंतु ही सवलत 1980 च्या वनसंवर्धन कायद्यापुरती आहे. अभयारण्यात वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागते आणि वेळ बहुधा तेथेच जातो. व्याघ्र प्रकल्पांच्या पुनर्वसन योजनेत 18 वर्षांवरील मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला जातो, तेव्हा गावाच्या यादीत तशी नोंद झाली आहे का, हेही पाहावे. ठराव कानडीत लिहिला जाईल. सह्या करण्याआधी तो ग्रामसभेत मराठीत मोठ्याने वाचून घ्यावा आणि त्याची शिक्का मारलेली प्रत गावात ठेवावी.