मदत हवी आहे: सांगलीत राहून बीएचे प्रशिक्षण, शनिवारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे

हळदपेठ (सोमवार, रात्री ९:४०)

बीएचा अभ्यासक्रम करायचे मी नक्की केले आहे. पुण्यातील एका संस्थेने तीन महिन्यांच्या ऑनलाइन वर्गासाठी ८५,००० रुपये शुल्क सांगितले असून, शनिवारपर्यंत निम्मी रक्कम भरल्यास दहा हजारांची सूट मिळेल, असे कळवले आहे. वर्ग संपताच सीबीएपी हे प्रमाणपत्र मिळेल आणि नोकरीची हमी राहील, असे त्यांचे म्हणणे आहे. येथे पैसे भरावेत, की याहून चांगली दुसरी संस्था आहे, एवढेच जाणकारांनी सांगावे. ‘आधी स्वतःची आवड ओळखा’ अशा स्वरूपाचे सल्ले कृपया देऊ नयेत, कारण वेळ फार थोडा आहे.

विलिंग्डनचा_माजी (सोमवार, रात्री १०:०५)

बीएसाठी ८५,००० रुपये ही उघड लूट आहे. सांगली जिल्हा शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो आणि आमचे विलिंग्डन महाविद्यालय तर १९१९ पासून उभे आहे. नियमित वर्गांना जाणे शक्य नसेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरबसल्या पदवी मिळते. तीन महिन्यांत बीए कोणीही देऊ शकत नाही, त्याला तीन वर्षे लागतात. विषय निवडताना इतिहासाचा विचार अवश्य करावा.

हळदपेठ (सोमवार, रात्री १०:२०)

मी कला शाखेच्या पदवीबद्दल विचारलेले नाही. बीए म्हणजे बिझनेस अ‍ॅनालिस्ट. सीबीएपीचा उल्लेख केल्यावर हे वेगळे सांगावे लागेल, असे वाटले नव्हते.

कृष्णामाई_घाट (सोमवार, रात्री ११:१०)

सीबीएपीचा उल्लेख वाचूनच मी थांबले. ते प्रमाणपत्र मी स्वतः घेतलेले आहे, म्हणून ठामपणे लिहिते. आयआयबीए, म्हणजे इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बिझनेस अ‍ॅनालिसिस, ही कॅनडातील संस्था ते देते. त्या परीक्षेला बसण्यासाठी मागील दहा वर्षांत किमान ७,५०० तास या स्वरूपाचे काम केलेले असावे लागते. पूर्ण वेळ हेच काम करणाऱ्याचीही त्यात साधारण चार वर्षे जातात. त्यातही या कामाच्या सहापैकी चार ज्ञानक्षेत्रांत, म्हणजे विभागांत, प्रत्येकी किमान ९०० तास, मागील चार वर्षांत ३५ तासांचे प्रशिक्षण आणि दोन व्यक्तींचे संदर्भ लागतात. यांतील ३५ तास कोणतीही प्रशिक्षण संस्था पुरवू शकेल, परंतु उरलेले ७,५०० तास तिच्या हाती नाहीत. वर्ग संपताच सीबीएपी मिळेल असे सांगणाऱ्याला एक तर नियम ठाऊक नाहीत, किंवा ते तुम्हाला ठाऊक नसतील असा त्याचा अंदाज आहे.

तुमचा अनुभव किती वर्षांचा आणि कोणत्या कामाचा आहे, हे तुम्ही कोठेच लिहिलेले नाही.

संख्यानाद (मंगळवार, सकाळी ७:३०)

प्रमाणपत्रांच्या मागे लागूच नका. आजच्या बाजारात एसक्यूएल, पायथन आणि पॉवर बीआय ही आकडे हाताळण्याची साधने येणाऱ्यालाच मागणी आहे. मी सहा महिने रोज पहाटे दोन तास बसून एसक्यूएल शिकलो आणि नोकरी बदलली. एक रुपयाही कोणाला दिला नाही. बाबॉक नावाचे आयआयबीएचे ते जाडजूड मार्गदर्शक पुस्तक वाचून कोणाला काम मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मिरज_जंक्शन (मंगळवार, सकाळी ८:१५)

संख्यानाद, तुम्ही सांगता ती वाट डेटा अ‍ॅनालिस्टची आहे. नावे सारखी असल्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो. डेटा अ‍ॅनालिस्ट साठलेल्या आकड्यांतून अर्थ काढतो, तर बिझनेस अ‍ॅनालिस्ट व्यवसायात नेमकी अडचण काय आहे, कोणाला काय हवे आहे आणि त्यासाठी कोणता बदल करावा लागेल, हे संबंधितांकडून काढून घेऊन प्रोग्रॅमरला आणि मालकाला दोघांनाही एकाच अर्थाने कळेल अशा भाषेत लिहितो. एसक्यूएल दोघांनाही उपयोगी पडते, हे मान्य आहे. आकडे स्वतः तपासता आले, तर प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. पण ते एक साधन झाले.

हळदपेठ, आता तुम्हाला काही प्रश्न. शिक्षण काय झाले आहे? सध्या काम कोठे करता? पुण्याला राहायला जाण्याची तयारी आहे का? शुल्क स्वतःच्या पैशांतून भरणार, की कर्ज काढून? यांतील एकही गोष्ट न सांगता ‘कोणती संस्था’ एवढेच विचारणे, म्हणजे शिंप्याला माप न देता अंगरखा मागण्यासारखे आहे.

हळदपेठ (मंगळवार, दुपारी २:००)

बी.कॉम. झाले आहे. मार्केट यार्डातील एका अडत दुकानात हिशेब पाहते. पुण्याला राहायला जाता येणार नाही, कारण मुलगी पहिलीत आहे आणि सासूबाईंची प्रकृती बरी नसते. सुमारे २३० किलोमीटर दर आठवड्याला जाणे-येणेही परवडणारे नाही, म्हणून ऑनलाइन वर्ग पाहिला. पैसे हप्त्यांनी भरायचे आहेत, त्याचे कागद संस्थाच करून देणार आहे. आता तरी उत्तर मिळावे, ही विनंती.

कुपवाड_एमआयडीसी (मंगळवार, दुपारी ३:४५)

हिशेबाची पार्श्वभूमी आहे, तर सरळ एसएपीचे, म्हणजे कंपन्यांचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे, वित्त विभागाचे प्रशिक्षण घ्यावे. आमच्या कारखान्यात एसएपी बसवले तेव्हा सल्लागार मंडळी पुण्याहून मोटारीने येत आणि त्यांचा एका दिवसाचा खर्च ऐकून आमच्या साहेबांना घाम फुटत असे. बीए वगैरे सब झूठ आहे, हातात एक पक्के सॉफ्टवेअर असावे.

मिरज_जंक्शन (मंगळवार, दुपारी ४:१०)

कुपवाडकर काका, ते सल्लागार पहिले काही आठवडे तुमच्या स्टोअरमध्ये आणि खरेदी विभागात बसून वही भरून प्रश्न विचारत होते ना? कारखान्याची सध्याची पद्धत आणि सॉफ्टवेअरची पद्धत यांत कोठे मेळ बसत नाही, हे ते शोधत होते. तेच हे काम.

हळदपेठ ताई, संस्थेपेक्षा महत्त्वाचे विचारतो. दुकानात केवळ नोंदी करता, की काही बदलही घडवून आणला आहे? हप्त्यांचे कागद मात्र सही करण्यापूर्वी शब्दन् शब्द वाचा. अशा व्यवस्थेत पुष्कळदा संस्थेला शुल्क एकरकमी मिळते, कर्ज एखाद्या वित्तसंस्थेकडून तुमच्या नावावर चढते आणि वर्ग मध्येच सोडला तरी हप्ते थांबत नाहीत.

हळदपेठ (मंगळवार, रात्री १०:५०)

कागद पुन्हा पाहिले. कर्ज माझ्याच नावावर आहे. हे मला फोनवर कोणी सांगितले नव्हते.

बदलाबद्दल विचारलेत म्हणून लिहिते, याचा बीएशी संबंध आहे की नाही, हे ठाऊक नाही. मी २०१६ पासून या दुकानात आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा जुनी पद्धत बदलून टॅलीमध्ये बिलांची नवी मांडणी मीच करून घेतली. त्यानंतर मालकांनी एका ओळखीच्या माणसाकडून हळदीच्या सौद्यांसाठी वेगळे सॉफ्टवेअर तयार करून घेतले. त्यात प्रोग्रॅमरने गृहीत धरले होते, की शेतकऱ्याचा एक लॉट म्हणजे एक खरेदीदार आणि एकच दर. प्रत्यक्षात एकाच शेतकऱ्याच्या मालातील हळकुंडे एक व्यापारी घेतो, गड्डा दुसरा घेतो आणि कणीचा दर तिसराच निघतो. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीच्या हिशेबाचा कागद, करताना हमाली, तोलाई आणि मोटारभाडे वजा होते, शिवाय शेतकऱ्याने आधी उचल घेतली असेल तर ती कोणत्या सौद्यातून किती वळती करायची, हे दिवाणजी तोंडी ठरवतात. सॉफ्टवेअरमध्ये यांतील काहीच बसेना, म्हणून हंगाम ऐन भरात असताना आम्ही पट्ट्या हातानेच करत होतो.

शेवटी मी दिवाणजींसमोर आठ दिवस बसून मागील हंगामातील चाळीस पट्ट्या काढल्या, प्रत्येकीतील वजावट कोणी आणि का केली हे विचारले, त्याचा एक्सेलमध्ये तक्ता केला आणि प्रोग्रॅमरला दिला. दुरुस्ती झाली, परंतु उचलीचा हिशेब अजूनही चुकतो. त्या प्रोग्रॅमरनेच मला म्हटले, की तुम्ही बीए व्हायला हवे. तेव्हापासून हा विचार डोक्यात आहे.

कृष्णामाई_घाट (बुधवार, सकाळी ६:५०)

ताई, हे तुम्ही सोमवारी रात्रीच लिहिले असते, तर निम्मी चर्चा टळली असती. जुन्या पट्ट्या काढून त्यांवरून नियम शोधणे याला बाबॉकमध्ये दस्तऐवजांचे विश्लेषण म्हणतात, दिवाणजींसमोर बसणे ही मुलाखत झाली आणि तोंडी वजावटींचा तक्ता म्हणजे व्यवसाय-नियमांचे विश्लेषण. त्या पुस्तकाच्या २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत अशी पन्नास तंत्रे दिली आहेत. त्यांतील तीन तुम्ही नाव न घेता वापरलेली आहेत.

आता व्यवहाराचे बोलू. अनुभव मोजताना पदाचे नाव पाहत नाहीत, काम पाहतात, त्यामुळे अडत दुकानातील हे तास धरता येतात. मात्र रोजच्या नोंदी, बिले आणि पट्ट्या करण्यात गेलेला वेळ त्यात येत नाही. प्रामाणिकपणे मोजले, तर तुमचे काहीशे तास भरतील. आयआयबीएच्याच मधल्या पायरीच्या सीसीबीए प्रमाणपत्राला मागील सात वर्षांत ३,७५० तास लागतात, म्हणून तीही आज दूर आहे. पहिल्या पायरीच्या ईसीबीएला अनुभवाची अट नाही आणि परीक्षा ऑनलाइन देखरेखीखाली घरूनच देता येते. ती इंग्रजीत असते, हे मात्र लक्षात ठेवावे. पीएमआय या प्रकल्प व्यवस्थापनाच्या संस्थेचे पीबीए हे प्रमाणपत्रही अनुभव मागते, त्यामुळे तो विचार तूर्त नको.

संख्यानाद (बुधवार, सकाळी ७:२०)

म्हणजे शेवटी पुन्हा प्रमाणपत्रच! ईसीबीए पाहून कोणी नोकरी देते का?

कृष्णामाई_घाट (बुधवार, सकाळी ७:४०)

केवळ ते पाहून देत नाही. पण अडत दुकानातून अर्ज करणाऱ्या व्यक्तीचे कागद पाहताना, हिला या क्षेत्राची परिभाषा ठाऊक आहे का, ही पहिली शंका येते आणि ती शंका त्यामुळे फिटते. तुम्ही आधीपासून संगणक क्षेत्रात होता, म्हणून तुम्हाला दार उघडेच होते.

संख्यानाद (बुधवार, सकाळी ८:०५)

हा मुद्दा मान्य. तरीही ताईंनी एसक्यूएल शिकावेच. चाळीस पट्ट्या हाताने काढाव्या लागल्या, त्या एका प्रश्नात निघाल्या असत्या.

हळदपेठ (बुधवार, दुपारी १:३०)

त्या चाळीस पट्ट्या कागदावरच्या होत्या, संगणकात नव्हत्या.

मिरज_जंक्शन (बुधवार, रात्री ९:००)

माझे मत असे, की शनिवारची मुदत सोडून द्यावी, अशा मुदती पुढच्या महिन्यात पुन्हा येतात. संस्थेला ईमेलने तीन गोष्टी विचाराव्यात: सीबीएपीची पात्रता मला कशी मिळवून देणार, नोकरीची हमी म्हणजे नेमके काय आणि ती न मिळाल्यास पैसे परत करणार का, आणि तुमच्या वर्गाचे तास आयआयबीए मान्य करते का. उत्तर फोनवर आले, तर ते आलेच नाही असे समजावे.

दरम्यान, ज्या कामाने तुमची झोप उडवली तेच व्यवस्थित लिहून काढा. शेतकऱ्याचा माल दुकानात उतरल्यापासून पट्टी त्याच्या हातात पडेपर्यंतचा प्रवास बीपीएमएनच्या, म्हणजे कामाचे टप्पे ठरावीक खुणांनी दाखवण्याच्या पद्धतीच्या, चित्रात मांडा. ती पद्धत अवघड नाही: सुरुवात आणि शेवट वर्तुळाने, काम गोल कोपऱ्यांच्या चौकटीने, निर्णय शंकरपाळ्याने आणि प्रत्येक माणसासाठी एक आडवा पट्टा. शेतकरी, अडत्या, तोलाईदार, खरेदीदार आणि दिवाणजी असे पाच पट्टे सहज होतील. त्यासोबत उचलीच्या हिशेबाची अपेक्षापत्रिका, म्हणजे सॉफ्टवेअरने नेमके काय करावे याची यादी, लिहा. मुलाखतीत दाखवायला प्रमाणपत्राइतकेच ते उपयोगी पडेल, कारण अशा ठिकाणी बहुतेक उमेदवार एटीएमचे तेच ते उदाहरण घेऊन येतात.

विलिंग्डनचा_माजी (बुधवार, रात्री ९:३०)

शंकरपाळ्याचा उल्लेख आवडला. माझा गैरसमज झाला होता, क्षमस्व. तरीही मुक्त विद्यापीठाचा मार्ग कोणाला हवा असल्यास मी माहिती देईन.

हळदपेठ (शुक्रवार, रात्री ११:१५)

ईमेल पाठवला होता. उत्तर म्हणून तीन वेळा फोन आला आणि तिसऱ्या वेळी सूट पंधरा हजारांची झाली, पण लेखी काहीच मिळाले नाही. पैसे भरलेले नाहीत. ईसीबीएसाठी स्वतः अभ्यास करीन आणि तो एकटीने जमला नाही, तर वर्गाचा विचार पुन्हा करीन.

चित्र अर्धे झाले आहे. अपेक्षापत्रिकेतील पहिली दोन वाक्ये खाली देत आहे, ती तपासावीत.

एक: पट्टी लवकर तयार व्हावी.

दोन: उचलीची वजावट योग्य प्रकारे व्हावी.

कृष्णामाई_घाट (शनिवार, सकाळी ७:००)

‘लवकर’ म्हणजे किती आणि कोणत्या क्षणापासून? ‘योग्य’ कोणाच्या मते, शेतकऱ्याच्या की मालकांच्या? ही दोन्ही वाक्ये वाचून प्रोग्रॅमर मान डोलावेल आणि पुन्हा एक लॉट, एक खरेदीदार असेच काहीतरी करून ठेवेल. वाक्य असे हवे, की ते पूर्ण झाले किंवा नाही, हे तिऱ्हाईत माणसालाही तपासता यावे.

हळदपेठ (शनिवार, दुपारी १२:४०)

पुन्हा लिहिले आहे.

एक: लॉटमधील शेवटच्या सौद्याची नोंद झाल्यापासून ३० मिनिटांच्या आत, सर्व खरेदीदारांचे दर आणि वजन स्वतंत्र ओळींत दाखवणारी एकच पट्टी शेतकऱ्याला मिळावी.

दोन: शेतकऱ्याच्या नावावर उचल बाकी असल्यास, हमाली, तोलाई आणि मोटारभाडे वजा करून उरलेल्या रकमेतूनच ती वळती व्हावी आणि उरलेली बाकी त्याच पट्टीवर छापली जावी.

मिरज_जंक्शन (शनिवार, दुपारी १:२०)

हे चांगले उतरले आहे. फक्त एक गोष्ट राहिली. उरलेली रक्कम उचलीपेक्षा कमी असेल, तर सगळीच्या सगळी वळती करून शेतकऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचे का? आणि चित्रात तोलाईदार आहेत, हमाल कोठेच दिसत नाहीत.

हळदपेठ (शनिवार, दुपारी १:३५)

अशा वेळी दिवाणजी गाडीभाड्यापुरते पैसे शेतकऱ्याच्या हातावर ठेवतात, पण किती ठेवायचे याचा नियम मी त्यांना कधी विचारलेला नाही. हमालांशी तर बोललेच नाही. सोमवारी सौदे सुरू होण्यापूर्वी दोघांनाही विचारते आणि येथेच लिहिते.