मदत हवी आहे: बाहेरगावच्या दोघांना पुण्यात पब क्विझला टीम मिळेल का?

पुढच्या आठवड्यात नागपूरहून दोघे पाहुणे येतायत, मुक्काम चार दिवस. कोरेगाव पार्क, बाणेर किंवा विमाननगरला मंगळवार ते गुरुवार नियमित क्विझ कुठे होते?

खरी अडचण टीमची. चार ते सहा जणांचं टेबल असलं तर मजा. दोघांच्या टीमलाही खेळू देतात, पण गाण्यांच्या राउंडला हमखास मार बसतो: तुकडा जेमतेम दहा सेकंदांचा, आणि ऐंशीच्या दशकातलं नि कालपरवाचं, दोन्ही ओळखणारा माणूस क्वचितच. अर्धा तास आधी पोचून क्विझमास्तरला गाठलं तर अपुऱ्या टीममध्ये बसवतात का, की आदल्या दिवशीच मेसेज टाकावा लागतो? एंट्री फी माणशी असते की टीममागे?

एक पाहुणा 22 वर्षांचा आहे. बिअरला 21 आणि कडक दारूला 25 हा नियम ठाऊक आहे, पण 25 खालच्यांना दारातूनच परत पाठवणारी जागा नको. (आधार सोबत असेल.)

प्रश्न कागदावर सोडवायचे असतात की बाउन्सचे (एका टीमला आलं नाही की पुढच्या टीमकडे जाणारे)? आणि सीओईपीच्या (पुण्यातलं इंजिनिअरिंग कॉलेज) बोट क्लब क्विझ क्लबच्या क्विझ बाहेरच्यांना खुल्या असतात का? तिथे निदान वयाची कटकट नाही.